मनोहरच्या नावाची फाइल

वैरागड्यांकडे बैठक दहाला म्हटली की अकराला बसते. करिष्माला हे कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून ती रविवारी सकाळी ठीक दहाला नागपुरातल्या नंदनवनच्या घरी हजर झाली. तिला सोफ्यावर बसवण्यात आलं, पंखा लावण्यात आला, आणि घरातले कर्ते महादेवराव आंघोळीला गेले. तीन आठवड्यांपूर्वी या घरात जे झालं त्यानंतरही नवऱ्याच्या आंघोळीला पाऊण तास लागतो, याचं शामलाबाईंना कधी बरं वाटायचं आणि कधी त्यांना बादलीसकट बाहेर काढावंसं वाटायचं.

त्या स्वयंपाकघरातून करिष्माकडे बघत होत्या. पुतणी अबोलीची ही शाळेपासूनची मैत्रीण. पोरगी एवढीशी, काळा कोट मांडीवर घडी करून ठेवलेला. गिरीला सोडवायचं काम हिच्याकडे आहे हे त्यांना रोज स्वतःला नव्याने सांगावं लागत होतं.

गिरी म्हणजे गिरिधर, त्यांचा सगळ्यात धाकटा दीर. वय बेचाळीस. घराला लागूनच महादेवरावांचं विजेच्या जळक्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान, आणि त्या दुकानात गिरिधरइतका सुबक वाइंडिंग करणारा दुसरा कोणी नव्हता. तीन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी दुपारी, विजेचं मीटर बदलायला मौद्याचा कवडू नावाचा माणूस आला. गिरिधरने दार उघडलं, त्याला आत घेतलं, मीटर दाखवलं, आणि तो पाठमोरा झाल्यावर चोवीस नंबरचा पाना त्याच्या डोक्यात घातला. मग त्याच्या डोक्याखाली उशी दिली, त्याला पाणी पाजलं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला. शामलाबाई भाजी घेऊन आल्या तेव्हा म्हणाला, "वहिनी, तो मीटरवाला आत पडला आहे. घरातली माणसं मोजून वरतं कळवून राहिला होता. आता नाही कळवत."

कवडू वाचला. टाके एकोणीस पडले आणि उजव्या कानाने ऐकू येईनासं झालं. पोलिसांनी खुनाच्या प्रयत्नाचं कलम लावून गिरिधरला नेलं.

अकराला मनोहर आणि गोपिका आले, मागोमाग अबोली. मनोहर हा मधला भाऊ, पाटबंधारे खात्यात कारकून, राहायला मानेवाड्याला. गोपिका त्याची बायको. ती चप्पल काढतानाच म्हणाली, "मी चहा घेणार नाही," आणि यावरून शामलाबाईंनी ओळखलं की आज भांडण होणार.

महादेवराव पावडर लावून येऊन बसले.

"बोल बाई," ते करिष्माला म्हणाले. "उद्या तारीख आहे म्हणते. काय काय लागन?"

"काका, सरळच सांगते," करिष्मा म्हणाली. "गिरिधरकाका जेलमध्ये एकदम शांत आहेत. नाव विचारलं तर नाव सांगतात. तीन फेजची मोटार कशी भरायची तेही सांगतात. पाहणाऱ्याला वाटते, चांगला माणूस आहे."

"चांगलाच आहे तो," शामलाबाई दारातून म्हणाल्या.

"काकू, नुसतं चांगलं असून भागत नाही ना. कायद्यात कलम बावीस आहे. मन ठिकाणावर नसल्यामुळे माणसाला आपण काय करून राहिलो तेच समजत नसलं, किंवा ते चूक आहे हे समजत नसलं, तर तो गुन्हेगार ठरत नाही. त्याच्यावर इलाज करतात. पण हे आपण सिद्ध करायचं असते. आणि सरकारी वकील उद्या म्हणणार, ज्याने मारल्यावर पाणी पाजलं, उशी दिली, त्याला सगळं समजत होतं."

"पाणी नसतं पाजलं तं बरं झालं असतं का वं?" शामलाबाईंनी विचारलं.

"केससाठी हो."

शामलाबाईंनी पदराने कपाळ पुसलं. हा कसला कायदा म्हणायचा, असं त्यांच्या तोंडावर आलं होतं, पण पाहुण्या पोरीला काय बोलणार.

"मग करा ना सिद्ध," महादेवराव म्हणाले. "अकरा वर्षं गोळ्या खाऊन राहिला तो. रामदासपेठेत दर महिन्याले नेत होतो. फाइल ही एवढी जाड आहे."

"ती मी पाहिली," करिष्मा म्हणाली आणि पिशवीतून निळी फाइल काढून टेबलावर ठेवली. "हिच्यावर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नाव आहे मनोहर वैरागडे."

असं नव्हतं की कोणाला माहीत नव्हतं. सगळ्यांना अकरा वर्षं माहीत होतं, आणि इतकं नीट माहीत होतं की विसरायला झालं होतं.

झालं होतं ते असं. गिरिधरला पहिल्यांदा मोटारीतून आवाज ऐकू यायला लागले तेव्हा त्याच्या लग्नाचं बोलणं चालू होतं. रामदासपेठेतला डॉक्टर चांगला होता, पण त्याच्याकडचा कंपाउंडर समाजातला निघाला. आता समाजात स्थळ आलं की चौकशी होते, आणि चौकशी म्हणजे काही कोणी मुलाला विचारत नाही. दुकानदाराला विचारतात, घरमालकाला विचारतात, कंपाउंडरला तर विचारतातच. महादेवरावांनी एका संध्याकाळी तोडगा काढला. ते मनोहरला म्हणाले, "तुझं लग्न झालं, नोकरी पक्की, पोरगी शाळेत. तुझं आता कोणी काय वाकडं करते? नाव तुझं लावू." मनोहर दादाला कधी नाही म्हणाला नव्हता. त्या दिवशी तर तो बदलीच्या अर्जाचा विचार करत होता, म्हणून लगेच हो म्हणाला.

तेव्हापासून दर महिन्याला गिरिधर त्या दवाखान्यात मनोहर व्हायचा. नाव पुकारलं की उठायचा. मनोहर स्वतः तिथे एकदाही गेला नव्हता.

"मग डॉक्टरले आणा ना," मनोहर म्हणाला. "ते तोंड पाहून ओळखतीलच गिरीले."

"त्यांना भेटले मी. आधी खूप चिडले. मग म्हणाले, येईन, सांगेन की माझा पेशंट हाच. पण कागदावर मनोहर आहे, आणि मनोहर नावाचा खरा माणूस याच शहरात नोकरी करून राहिला. आधी त्याने शपथेवर लिहून द्यावं की हा पेशंट मी नाही, ही फाइल माझी नाही. नाहीतर सरकारी वकील म्हणेल, घरच्यांनी एका भावाचा आजार दुसऱ्या भावाला चिकटवला." करिष्माने श्वास घेतला. "मनोहरकाका, उद्या साडेदहाला नोटरीसमोर तुमची सही लागते. तुम्ही सही केली तर गिरिधरकाकांना दवाखान्यात पाठवायचा अर्ज टिकतो. नाहीतर साध्या मारेकऱ्यासारखा खटला चालेल. दहा वर्षं धरून चला, जास्तही होऊ शकते."

मनोहरने फाइलकडे पाहिलं. मागच्या पानावर डॉक्टरने लिहिलं होतं, मनोहर, झोप चांगली, भीती कमी. त्याला वाचून उगाच बरं वाटलं.

"अन् अबोलीचं काय?" गोपिका म्हणाली.

आता ज्या गोष्टीसाठी तिने चहा नाकारला होता ती गोष्ट आली. दोन आठवड्यांनी अबोलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं. सावनेरचे नानाजी, त्यांचा मुलगा गौरांग, दोन महिन्यांपूर्वी होकार आला होता. मीटरवाल्याचं प्रकरण सावनेरला कळलं होतं, पण मनोहरने फोनवर "थोडी बाचाबाची झाली" असं सांगून ते आवरतं घेतलं होतं. एकोणीस टाक्यांची बाचाबाची.

"सही केली का उद्याच्या उद्या गावभर होते," गोपिका म्हणाली. "घरात हा आजार आहे हे एक. अन् तो खोट्या नावानं लपवला हे दुसरं. एवढ्यावर कोण नेते पोरीले? माह्या पोरीनं काय पाप केलं? नावही आमचंच दिलं, आता बदनामीही आमचीच?"

"गोपिका," महादेवराव घसा साफ करून म्हणाले, "सख्खा भाऊ आहे तो त्याचा. एका आईच्या पोटचे आपण. मनोहर, तुले सांगतो गा, मी तुह्या जागी असतो ना, तं आत्ता पेन घेऊन उभा राहिलो असतो."

"बरं झालं तुम्ही म्हणालात," करिष्मा म्हणाली. "कारण तुमचीही सही लागते."

"माही? माही कायले?"

करिष्माने दुसरा कागद काढला. त्यावर सुमतीचं नाव होतं. गिरिधरची बायको. ती नऊ महिने या घरात नांदली, मग माहेरी गेली आणि तिथून तिने कोर्टात अर्ज केला की नवऱ्याला मानसिक आजार आहे आणि तो लपवून माझं लग्न लावून दिलं. त्यावर घरच्या वतीने महादेवरावांनी शपथपत्र दिलं होतं. करिष्माने त्यातल्या दोन ओळी वाचून दाखवल्या. माझा भाऊ गिरिधर हा पूर्णपणे शुद्धीत व सुदृढ मनाचा इसम असून त्याने आजतागायत कोणतेही मानसिक उपचार घेतलेले नाहीत. सुमतीचा स्वभाव संशयी आहे.

"हा कागद सरकारी वकिलाला सापडला की आपलं संपलं," ती म्हणाली. "त्याआधी आपणच दाखवायचा आणि तुम्ही लिहून द्यायचं की तेव्हा मी खोटं बोललो."

"शपथेवर?"

"हो."

"म्हणजे मी शपथेवर म्हणायचं, का मी शपथेवर खोटं बोललो होतो."

"तसंच."

महादेवरावांनी तो कागद हातात घेऊन खालची स्वतःची सही पाहिली. ते समाजाच्या मंडळाचे उपाध्यक्ष होते आणि येत्या निवडणुकीत अध्यक्ष होणार होते, हे नागपुरात पाच-पन्नास माणसांना माहीत होतं, पण त्यांच्या लेखी तेच नागपूर होतं.

"मी काय म्हणतो," ते शेवटी म्हणाले, "अबोलीचं साक्षगंध आधी होऊन जाऊ द्या. पोरीचा विचार पहिले कराले पाहिजे. गोपिका बरोबर म्हणून राहिली."

चोवीस वर्षांच्या संसारात भासऱ्यांनी, थोरल्या दिरांनी, आपल्याला बरोबर म्हटल्याची ही पहिलीच वेळ, हे गोपिकाच्या लगेच लक्षात आलं. तिला आनंद झाला नाही. हा माणूस आपल्या बाजूला येऊन बसला म्हणजे आपली बाजू कुठेतरी सडकी आहे.

"आत्ता तं तुम्ही पेन घेऊन उभे राहत होते," ती म्हणाली.

"अवं, परिस्थिती पाहून..."

"कोणती परिस्थिती बदलली? गिरी तवाही जेलातच होता."

"दादाले असं बोलू नको," मनोहर पुटपुटला.

"तुम्ही चुप बसा जी. अकरा वर्षं चुपच होते."

शामलाबाई दारात उभ्या होत्या त्या आत येऊन खुर्चीवर बसल्या. बैठकीत त्या कधी बसत नसत. महादेवरावांना वाटलं चहाचं विचारायला आल्या असतील.

"मी कवडूच्या बायकोले डबा नेऊन देत होती," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात. सांगितलं नाही कोणाले. दोन दिवस तिनं घेतला, तिसऱ्या दिवशी विचारलं, तुम्ही कोण. मी सांगितलं. तिनं डबा परत केला. मले वाटलं, आता शिव्या देते. तिनं फक्त एक विचारलं. म्हणे, बाई, तुमचा दीर आजारी होता का दुष्ट होता, एवढं सांगा. आजारी असन तं मी मनाची समजूत घालते. दुष्ट असन तं त्याले सोडू नका. पण दोन्हीतलं काय ते सांगा, मले झोप येत नाही."

"मग तू काय म्हटलं?" महादेवरावांनी विचारलं.

"मी म्हटलं, माहीत नाही." शामलाबाई नवऱ्याकडे वळल्या. "अकरा वर्षं माह्या हातचं जेवला तो. त्याचं डोकं माह्या मांडीवर घेऊन बसली मी, वहिनी आवाज येते, वहिनी आवाज येते म्हणून रडे तवा. अन् मी म्हटलं माहीत नाही. तुमच्या कागदावर आहे ना तो सुदृढ मनाचा. मी खरं कसं बोलू? अन् सुमती काही संशयी नव्हती. तिनं जे पाहिलं ते सांगितलं. मले लाज वाटते. तिच्या बाजूनं एक शब्द नाही बोलली मी."

महादेवरावांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

अबोली इतका वेळ एक शब्द बोलली नव्हती. ती फिजिओथेरपिस्ट होती. दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे सोडवायची आणि घरी आली की या लोकांमध्ये बसायची. माझ्या लग्नाचा विचार, माझ्या लग्नाचा विचार, असं गेला तासभर जो तो म्हणत होता, आणि मला विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. तिला राग आला होता. तिने मोबाइल काढला.

"कोणाले लावून राहिली?" गोपिका म्हणाली.

"सावनेरले."

"अबोली! ठेव तो फोन!"

"आई, उद्या त्यांना दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा आज माझ्याकडून कळू दे. ते नाही म्हणतील तर नाही म्हणतील. माझ्यासाठी काकाला आत ठेवलं हे ओझं घेऊन मी सासरी जाणार नाही."

फोन उचलला गेला होता. तिने स्पीकर लावून मोबाइल टेबलावर, निळ्या फाइलवर ठेवला.

"नमस्कार नानाजी. अबोली बोलते. घरचे सगळे बसले आहेत. तुम्हाला एक सांगायचं होतं. आमच्या गिरिधरकाकांना मानसिक आजार आहे. अकरा वर्षांपासून. त्या मीटरवाल्याला त्यांनी त्या आजारातच मारलं, आणि बाचाबाची नव्हती ती, तो मरता मरता वाचला. आम्ही आजार लपवला. दवाखान्यात त्यांच्या जागी बाबांचं नाव लिहिलं. उद्या बाबा कोर्टात हे सगळं सांगणार आहेत."

मनोहरने चमकून पाहिलं. आपण सांगणार आहोत हे त्याला आत्ताच कळत होतं.

पलीकडून काही वेळ नुसता टीव्हीचा आवाज आला. मग तोही बंद झाला.

"म्हणजे," नानाजी हळूच म्हणाले, "मनोहरराव... मनोहररावांले काही नाही?"

"नाही."

"असं कसं? आम्ही चौकशी केली होती ना बाई. त्या कंपाउंडरनं स्वतः सांगितलं, मनोहर वैरागडे, अकरा वर्षं झाले, एक महिना चुकवत नाही."

"तुम्हाले माहीत होतं?" गोपिकाने फोनवर वाकून विचारलं.

"हो मंग. होकार द्यायच्या आधीपासून. घरात बसलो, विचार केला. म्हटलं, माणूस गोळ्या खाऊन नोकरी करते, पोरगी शिकवली, कोणाले तरास नाही. हिंमतवाला माणूस आहे. उलट मले त्यांचा मान वाटला. तुम्ही आले तवा आम्ही सफरचंदं आतूनच कापून आणले होते, सुरी समोर नको म्हणून."

मनोहरला ते सफरचंद आठवलं. नानाजी त्या दिवशी त्याच्याशी सावकाश, एक एक शब्द सोडून बोलत होते, आणि त्याला वाटलं होतं व्याही किती सभ्य आहेत. मग त्याला आणखी काही काही आठवायला लागलं. मागल्या वर्षी समाजातल्या एका वरातीत तो नाचायला लागला होता, तेव्हा दोन जणांनी अलगद दंडाला धरून त्याला खुर्चीवर बसवलं, सरबत आणून दिलं आणि पंखा त्याच्याकडे वळवला. ऑफिसात मार्च महिन्यातही त्याला कोणी ओरडून बोलत नसे. तो आयुष्यभर समजत होता की लोक आपल्याला मानतात.

"मले अकरा वर्षं सारे वेडा समजून राहिले?" त्याने विचारलं.

"मनोहरराव, तुम्ही आहे का तिथं?" नानाजी म्हणाले. त्यांचा आवाज जरासा पडला होता; ज्याच्या हिमतीचं त्यांनी सावनेरभर कौतुक केलं तो माणूस धडधाकट निघाला होता. "हे पहा, राग मानू नका. आजाराचं मले काही नाही. आजार कोणाच्याही घरी होते. पण तुम्ही नाव खोटं लावलं जी. गिरिधररावांची बायको माहेरी गेल्याचं चौकशीत ऐकलं होतं, म्हणजे एका पोरीचा संसार त्याच्यातच गेला. ते जड जाते. साक्षगंधाची तारीख आत्ता पक्की धरू नका. गौरांगले विचारतो, घरात बोलतो, मंग फोन करतो."

फोन बंद झाला. अबोलीने तो उचलला आणि ओढणीने पुसत बसली. तिचे डोळे भरले होते, पण गोपिका जवळ गेली तेव्हा ती म्हणाली, "राहू दे आई. मीच लावला होता ना."

गोपिका मनोहरसमोर येऊन उभी राहिली. "करा उद्या सही," ती म्हणाली. "लपवाले आता राहिलं काय? लोकांले माहीतच होतं, अन् तेही चुकीचं."

"दादा?" मनोहर म्हणाला.

महादेवराव उठले होते. "मले दुकानावर एक गिऱ्हाईक येणार आहे," ते म्हणाले.

"रविवारी?" शामलाबाई म्हणाल्या.

ते काही न बोलता चपला घालून बाहेर गेले. दुकान बंद होतं. शटर न उघडता ते पायरीवर बसून राहिले. शामलाबाईंनी त्यांना जेवायला बोलावलं नाही, आणि त्या घरात हे पहिल्यांदाच घडत होतं.

सोमवारी साडेदहाला कोर्टाच्या आवारात नोटरीच्या टेबलासमोर मनोहर उभा होता. सही करण्याआधी त्याने कागदावरचं स्वतःचं नाव दोनदा वाचलं, आणि नोटरीने त्याच्याकडे संशयाने पाहिलं तेव्हा तो विनाकारण म्हणाला, "मी बरा आहे." अकरा वाजता महादेवराव आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, एकटेच, ऑटोने. त्यांनी करिष्माचा मसुदा दोनदा वाचला. "मी तेव्हा खोटे बोललो" या ओळीवर थांबले. "हे जरा वेगळ्या शब्दात नाही का होत?" त्यांनी विचारलं. करिष्मा म्हणाली, नाही. त्यांनी सही केली. मग सुमतीचा पत्ता तुझ्याकडे आहे का, असं त्यांनी तिला विचारलं, आणि तिने तो लिहून दिल्यावर चिठ्ठी खिशात घालून ते गेले. ती चिठ्ठी घेऊन ते काय करणार होते हे त्यांनाही माहीत नव्हतं.

अर्ज मंजूर झाला. गिरिधरला तपासणीसाठी मनोरुग्णालयात हलवायचा हुकूम निघाला. गुरुवारी नेणार होते. खटला पुढे चालणारच होता आणि त्याचं काय होईल हे करिष्माही सांगू शकत नव्हती, पण आता तो निदान गिरिधरचा खटला होता. संध्याकाळी शामलाबाई कवडूच्या बायकोकडे गेल्या. डबा न घेता.

मंगळवारी सकाळी मनोहर जेलमध्ये मुलाखतीला गेला. सोबत करिष्मा होती. आत जाण्याआधी ती म्हणाली, "काका, एक विचारा त्यांना. मला सांगत नाहीत. मार्चपर्यंत गोळ्या नेमाने घेत होते, मग एकदम बंद केल्या आणि पाच महिन्यांत हे झालं. का बंद केल्या? सरकारी वकील विचारेल. स्वतःहून सोडल्या असतील तर म्हणेल, जबाबदारी याचीच."

काचेपलीकडे गिरिधर येऊन बसला. दाढी केलेली होती. त्याने फोन कानाला लावला आणि आधी मनोहरच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"बरा आहे का भाऊ?" त्याने विचारलं.

"बरा आहे गा. तू सांग. गिरी, मी कोर्टात खरं लिहून देलं. ती फाइल तुही आहे, माही नाही, असं. आता तुह्या नावानं इलाज होईन."

"मग डॉक्टर मले गिरिधर म्हणन?"

"म्हणन ना."

गिरिधरने मान हलवली. त्याला ते पटलं की नाही हे कळत नव्हतं.

"गिरी, एक विचारतो. गोळ्या काहून बंद केल्या होत्या?"

"त्या तुह्या होत्या ना."

"माह्या कशा?"

"पाकिटावर तुहं नाव राहे. डॉक्टर विचारे, मनोहर, झोप लागते का? मनोहर, आता बरं वाटते ना? अकरा वर्षं तुहीच चौकशी केली त्यानं. मी खाऊन राहिलो होतो, पण होत्या तुह्या." तो अगदी सरळ आवाजात बोलत होता. "होळीच्या वेळी तुहं बीपी वाढलं ना भाऊ? तीन दिवस दवाखान्यात होता तू. मी तिथं बाहेर बाकावर बसलो होतो. मले तवा समजलं. याच्या वाटच्या गोळ्या मी खाऊन राहिलो, म्हणून हा बिमार पडला. त्या दिवसापासून एकही नाही खाल्ली. सगळ्या दुकानातल्या खणात ठेवल्या, महिन्या महिन्याच्या वेगळ्या करून. तुले लागतीन म्हणून."

करिष्मालाही ऐकू यावं म्हणून मनोहरने फोन कानापासून जरा दूर धरला होता. मागे उभी असलेली करिष्मा वहीत काही लिहीत होती, ती थांबली.

"भेटल्या का तुले?" गिरिधरने विचारलं.

आपण त्या गोळ्या आयुष्यात कधी खाल्ल्या नाहीत असं मनोहरने काल सकाळीच शपथेवर लिहून दिलं होतं.

"भेटल्या गा," तो म्हणाला. "रोज खातो."

"बरं वाटते?"

"लय बरं वाटते."

"मग झालं," गिरिधर म्हणाला.